पाटीखालचा हिरवा

पेंटर दारात येऊन उभा राहिला तेव्हा इंजिनवाला कानशीने एका छोट्या इंजिनाच्या चिमणीची कड घासत होता. चिमणी करंगळीच्या पेराएवढी. त्याने मान वर केली नाही.

"दादा, वहिनींच्या हिरव्याची एखादी बाटली असेल ना?" पेंटरने विचारलं. "शेडमधल्या इंजिनाला रंग लावायची वेळ आली. नमुना म्हणून पाहिजे. तसाच डबाभर करून घेतो."

इंजिनवाला पितळेची हातभर लांबीची इंजिनं बनवायचा. पत्रा कापणं, डाग देऊन जोडणं, चाकं बसवणं त्याच्याकडे, रंग बायकोकडे. गावाबाहेरच्या शेडमध्ये खरं वाफेचं इंजिन होतं. काही हौशी मंडळी ते पुन्हा उभं करत होती, हा पेंटर त्यातलाच. बायको दर आठवड्याला तिथे जायची. ती वारली त्याला अजून वर्ष व्हायचं होतं.

"तो रंग आम्ही दोघांनीच शोधला की," पेंटर आपणहून सांगू लागला. "सगळं इंजिन गंजलेलं. नंबराची पाटी काढली तर खाली हिरवा पोपडा शिल्लक. वहिनी म्हणाल्या, श्वास रोखून धर, उडून जाईल. आम्ही दोघंही गाल फुगवून बसलेलो. पुढे त्याचा हाताळून हाताळून भुगा झाला, अन् त्यावरून कालवलेला रंगाचा डबाही वाळून गेला."

आम्ही दोघं. इंजिनवाल्याची कानस सटकली आणि चिमणीवर ओरखडा उठला.

पाटीचं त्याला माहीत होतं. गाल फुगवल्याचं तिने कधी सांगितलं नव्हतं. दोघांत तसलं काही नव्हतं, हे तो पक्कं जाणून होता. असतं तर भांडून मोकळा तरी झाला असता. शेडमधून ती हसत यायची. काय झालं विचारलं की म्हणायची, "काही नाही हो, कामाचंच." ते कामाचंच हसू या माणसाजवळ राहिलं होतं आणि घरी आलं होतं ते उरलंसुरलं.

त्याने फडताळातून बाटली काढली. देताना एक गोष्ट सांगायला हवी होती. लहान इंजिन म्हणजे लांबून दिसणारं इंजिन. लांबचा रंग फिका दिसतो, म्हणून लहान गाडीच्या रंगात थोडा पांढरा मिसळतात. ती शेडमधला रंग घरी आणून त्यात पांढरा मिसळायची. हाच रंग खऱ्या इंजिनाला लावला तर ते धुवट दिसणार. हे सगळं त्याच्या ओठांवर आलं आणि त्याने गिळून टाकलं. एवढे दोघं होतात ना, मग बघून घे.

पेंटर गेल्यावर आतून लेक आली. "बाबा, पांढऱ्याचं सांगितलंत ना त्यांना?"

"पेंटर आहे तो. त्याला एवढं कळत नाही होय?"

"आईने घरी काय घातलं ते त्यांना कसं कळणार?"

"तू तुझं काम बघ," तो म्हणाला. लेक त्याच्याकडे बघतच राहिली.

काही दिवसांनी तो इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये गेला. इंजिनामागच्या कोळशाच्या डब्याची एक बाजू रंगवून झाली होती. रंग अगदी साबणाच्या वडीसारखा. त्याच्या मनात लाडू फुटले.

समोर एक म्हातारा रेल्वे गार्ड कमरेवर हात ठेवून उभा होता. नोकरी संपली तरी त्याचं शेडमध्ये येणं सुटलं नव्हतं. "हे इंजिन म्हणायचं का दवाखान्याची भिंत?" तो म्हणाला.

"वहिनींचा रंग आहे," पेंटर म्हणाला.

"मग बाईंची नजर गेली असेल शेवटी शेवटी. दुखण्यात होतं असं."

पेंटरने ब्रश खाली ठेवला. "नजर ठणठणीत होती त्यांची. त्यांनी केलाय तोच रंग लागणार."

"अख्ख्या इंजिनाला? लोक हसतील की."

"हसू देत. मला हसतील."

तिच्या बाजूने भांडायचं ते नवऱ्याने, आणि इथे हा भांडत होता. तेही स्वतःला फिका दिसत असलेला रंग खरा मानून. नवरा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून गंमत बघत उभा. एवढंही या माणसाने आपल्यासाठी ठेवलं नाही, असं त्याला वाटलं, आणि याच रागाने त्याचं तोंड उघडलं.

"तिची नजर चांगली होती. बाटलीत पांढरा आहे. लहान गाडीसाठी घालायची ती. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही."

"का बरं?" गार्डने विचारलं.

"नाही सांगितलं."

गार्ड खाकरून बाहेर निघून गेला. पेंटरने एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. त्याने रिकामा डबा घेतला, खाली बसला आणि आठवून आठवून पिवळा, निळा, काळा कालवू लागला. मग एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन दाराच्या उजेडात गेला आणि एक डोळा मिटून बघू लागला.

तीही अस्संच बघायची.

"ही सवय तुझी का तिची?" इंजिनवाल्याने विचारलं.

"आता आठवत नाही हो, दादा. इतकी वर्षं शेजारी बसून कालवलं."

शेजारी बसून. घरी दोघांची टेबलं एकाच खोलीत होती, पण पाठीला पाठ. पितळेचा कीस रंगात उडू नये म्हणून त्यानेच ती तशी लावली होती. टेबलाशी बसून काम करताना तिचा चेहरा त्याने कधी धड पाहिला नव्हता.

त्याने एक स्टूल ओढलं, पेंटरच्या शेजारी बसला आणि अंगठा पुढे केला. "लाव इथे."

पेंटरने थेंब लावला. इंजिनवाला दारात गेला, एक डोळा मिटला.

"काय दिसतंय?"

"हिरवा."

"ते मलाही दिसतंय. वहिनी म्हणायच्या..." पेंटर त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "जाऊ द्या."

"जाऊ द्या कशाला?" इंजिनवाला परत येऊन स्टुलावर बसला. त्याचा जबडा आवळलेला होता. "काय म्हणायची ते सांग. मी ऐकतोय."