एकशे साठाव्या मीटरवर

पाणीपुरवठ्याच्या प्लांटमध्ये केबल तपासायचं काम तिचं आणि केबल जोडायचं काम तिच्या बाबांचं. त्याच बाबांचा जोडकामाचा परवाना आज रद्द होणार होता. कंट्रोल रूमपासून पंपापर्यंतची नवी केबल बंद पडली, साहेबांनी स्वतःच लावलेल्या यंत्राने बिघाड दोनशे मीटरवर दाखवला आणि दोनशेवर होता बाबांनी केलेला सांधा. साहेबांना तेवढंच पुरलं. खणून बघायची तसदी न घेता त्यांनी रिपोर्ट लिहून टाकला.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. यंत्र काखोटीला मारून ती कंट्रोल रूममध्ये गेली. यंत्राचं काम तसं सोपं. तारेत विजेचा एक ठोका सोडायचा. तो बिघाडावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघतं. मात्र त्या केबलमधून ठोका किती वेगाने धावतो, हे आधी यंत्राला सांगावं लागतं. तिने त्याच केबलमधल्या एका धडधाकट तारेत ठोका सोडला. केबलचं टोक पाचशे मीटरवर दिसलं.

"साहेब, केबल चारशेची आहे. तुम्हीच मोजून घेतलीत. मग हे वरचे शंभर आले कुठून?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. आदल्या दिवशी त्यांनी दुसऱ्याच जातीची केबल तपासली होती आणि तिचाच वेग यंत्रात तसाच राहिला होता.

"पाचशेचे चारशे, म्हणजे दोनशेचे एकशे साठ. बिघाड तिथे आहे."

"तू वडिलांची बाजू घेणारच."

"बाजू नाही, माप घेतेय."

"खणायला माणसं मिळणार नाहीत."

"मागितली कुणी?"

कुदळ घेऊन ती बाहेर पडली. बाबा मागून धापा टाकत आले. "जाऊ दे गं. मी सोडतो हे काम. उगाच तुझ्या नोकरीवर यायचं."

"बाबा, तुम्ही टेप धरा."

एकशे साठ मीटर भरले ते नव्या कुंपणाच्या खांबापाशी. साहेबांनी ते गेल्याच आठवड्यात, कुणाला न विचारता, घाईघाईने ठोकून घेतलं होतं. तिने खणायला सुरुवात केली. तळहाताला फोड आले, पण ती थांबली नाही. कमरेइतकं खाली गेल्यावर केबल दिसली. खांबाचं लोखंडी टोक तिच्यात आरपार घुसलं होतं.

साहेब काठावर आले, वाकून बघितलं आणि आवाज खाली आणत म्हणाले, "होतं असं कधीकधी. बुजवून टाक. रिपोर्टचं मी बघतो."

ती खड्ड्यातच मांडी घालून बसली. "रिपोर्ट इथे आणा आणि माझ्यासमोर फाडा. नवा लिहा. खांब कुणी ठोकायला लावला तेही त्यात येऊ द्या."

"आधी वर ये."

"आधी सही."

जन्मभर 'हो साहेब' म्हणत आलेल्या बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खड्ड्यात उतरले आणि लेकीला खेटून बसले.

"कागद तेवढा आणा साहेब," खिसा चाचपत ते म्हणाले, "पेन आहे माझ्याकडे."