हिचवरचा हात

स्नेहलने सेव्हन-सीटर गाडीची शेवटची सीट काढून गॅरेजमध्ये ठेवली, तेव्हा तिचा नवरा इंद्रजित ड्राइव्हवेवर उकिडवा बसून मागच्या टायरमध्ये हवा भरत होता. दुसऱ्या दिवशी वेल्सला निघायचं होतं. सेकंडहँड घेतलेली छोटी कॅराव्हॅन पहिल्यांदाच मिल्टन कीन्सच्या बाहेर पडणार होती. कॅराव्हॅन गाडीमागे ओढायचा टोबार, म्हणजे हिच, मेकॅनिकने आधीच बसवून दिला होता, लांब आरसेही लागले होते.

"पाण्याचे कॅन मागे नको ठेवूस रे," स्नेहल म्हणाली. "चाकांच्या वर ठेव. शेपूट जड झालं की मोटरवेवर ही झोकांड्या खाणार."

"बरं बाई."

आता फक्त जोडून बघायचं राहिलं होतं. कॅराव्हॅनचं नाक पुढच्या लहानशा चाकावर उभं होतं. चाकाचं हँडल फिरवलं की ते नाक हळूहळू खाली येऊन गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर बसायचं. चाकाची दांडी एका खिट्टीने आवळलेली होती. ती खिट्टी सोडली असती, तर अख्खं नाक एकदम खाली आदळलं असतं. स्नेहल हँडलपाशी वाकली आणि इंद्रजित दिव्यांची वायर जोडू लागला.

तेवढ्यात शेजारचा डीन त्याच्या दारातून बाहेर आला. कॅराव्हॅन आल्यापासून तो धुमसत होता. तिच्यामुळे आपल्या खिडकीतला उजेड अडतो, असं त्याचं म्हणणं. एकदा तर त्याने त्यांच्या गाडीचा आरसा लाथ मारून फोडला होता.

"हे धूड आत्ताच्या आत्ता हलव," तो इंग्रजीत ओरडला.

"सकाळी जातोय, डीन. चार दिवस सुटलास तू," इंद्रजित हसून म्हणाला.

ते हसणं डीनला सहन झालं नाही. त्याने इंद्रजितच्या तोंडावर ठोसा मारला. इंद्रजित बंपरवर आपटून खाली पडला, तसा डीनने त्याच्या बरगडीत बूट घातला. मग पुन्हा. तिसऱ्या लाथेला आतून काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

"स्टॉप इट! सोड त्याला!" स्नेहल किंचाळली. डीनने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने दिव्यांची वायर उपटून फेकली, डावा हात गोळ्यावर टेकवला आणि उजव्या खांद्याने कॅराव्हॅन मागे रेटायला लागला. हँडब्रेक लावलेला होता, त्यामुळे ती हलेना. तो आणखी जोर लावत राहिला. इंद्रजित जमिनीवर रक्त थुंकत होता.

स्नेहलला गोळ्यावरची ती बोटं स्पष्ट दिसली. लाल पडलेली, जाड, एका बोटात चांदीची अंगठी. तिने खिट्टी सोडली.

नाक खाली आलं. आधी आवाज हाडांचा झाला, मग डीनचा. तो गुडघ्यांवर कोसळला. हात काही निघेना. मोकळ्या हाताने तो नाक उचलू पाहत होता आणि ते थोडं उचललं जात होतं.

ते बघून स्नेहल त्यावर बसली. दोन्ही पाय उचलून, सगळा भार टाकून.

डीन रडायला लागला. आईला हाक मारतात तसं काहीतरी म्हणत होता. स्नेहलने दात घट्ट आवळले होते. अंगातून गरम काहीतरी वाहत होतं आणि ते थांबू नये असं तिला वाटत होतं.

"स्नेहल, उठ," इंद्रजित म्हणाला. त्याला धड श्वास घेता येत नव्हता.

"नाही."

"अगं, मरेल तो! उठ!"

ती उठली नाही. शेवटी इंद्रजित सरपटत आला आणि त्याने तिचा दंड धरून तिला खाली ओढलं. मग पोट दाबून धरत त्याने एकट्याने ते नाक उचललं. डीनचा हात सुटला, पण दोन बोटं आता बोटांसारखी राहिली नव्हती.

अँब्युलन्स आली, पोलीस आले. एका तरुण पोलीसबाईने विचारलं, "खिट्टी निसटली का?"

"हो म्हण," स्ट्रेचरवरून इंद्रजित मराठीत पुटपुटला. "निसटली म्हण."

"मी सोडली," स्नेहल इंग्रजीत म्हणाली. "आणि मग वर बसले."

इंद्रजितच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. डीनची दोन बोटं कापावी लागली. प्रकरण कोर्टात गेलं. दोघांनाही शिक्षा झाली, पण दोघांच्याही शिक्षा टांगत्या ठेवल्या गेल्या; पुन्हा गुन्हा केला तरच तुरुंग. स्नेहल आणि इंद्रजितने घर विकायला काढलं, पण गिऱ्हाईक मिळेना. त्यामुळे दोन्ही घरं एकमेकांच्या शेजारीच राहिली. इंद्रजित तिच्याशी नीट बोलायचा, चहा करून द्यायचा. फक्त स्वयंपाकघरात ती मागून आली की दचकायचा.

एका सकाळी ती कचऱ्याचा डबा रस्त्यावर आणत होती. समोरून डीनही त्याचा डबा एका हाताने ओढत येत होता. दुसरा हात खिशात होता. तिला पाहिल्यावर तो थांबला. तिला वाटलं, आता शिवी येणार. पण त्याने डबा तिथेच मधोमध सोडला, पाठ न वळवता मागे मागे गेला आणि आत शिरून कडी लावली.

स्नेहलला बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की तिला ओकारी आली, आणि ती फुटपाथच्या कडेलाच बसली.