जेवणानंतरचा गठ्ठा

परीक्षेचे पेपर तपासायला आले की मास्तरांच्या घरातलं जेवणाचं टेबल जप्त होई. मग आधी वाटणी. मोत्यासारखं अक्षर एका गठ्ठ्यात, कोंबडीचे पाय दुसऱ्यात. मोती सकाळी, ताज्या डोक्याने. कोंबड्या जेवणानंतर, डोळ्यांवर पेंग असताना. शाळेतले सगळेच मास्तर असं करत, त्यामुळे त्यात काही वावगं आहे हे कुणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या दुपारी ते कोंबड्यांत शिरले होते. दोन ओळी वाचायच्या, सुस्कारा सोडायचा, भोपळा द्यायचा. एवढ्यात लेक समोर येऊन उभी राहिली. तिचा बोर्डाचा निकाल लागला होता.

"इतिहासात नापास झाले, बाबा."

इतिहास म्हणजे मास्तरांचाच विषय. आणि लेक तर त्यात मास्तरांच्याच चुका काढायची.

"पेपर सोडलास की काय?"

"सगळा लिहिला. वाचता आला नसेल त्यांना."

"कोण गाढव तपासतं असलं? पोरीचं वर्ष गेलं की."

बायको हात पुसत बाहेर आली. "गाढव कशाला? तुमच्यासारखाच कुणी भला माणूस असेल. जेवण झालं असेल त्याचं."

मास्तरांनी लाल पेन खाली ठेवलं.

लेकीचं अक्षर असं का, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. पोर जन्माची डावखुरी. पाटीवर पहिली रेघ तिने डाव्या हाताने ओढली, तेव्हा 'चारचौघांत बरं दिसत नाही' म्हणून मास्तरांनीच आपल्या रुमालाने तो हात खुर्चीला बांधला. पोर रडली, मग उजव्या हाताने लिहू लागली. मास्तरांनी हा विजय शाळाभर सांगितला होता. दोघा-तिघांनी घरी जाऊन आपापले रुमालही काढले होते.

"बस," ते म्हणाले आणि भोपळा दिलेला एक पेपर त्यांनी तिच्यापुढे सरकवला. "मला हे अक्षर लागत नाही. तू वाच."

लेक घडाघडा वाचू लागली. जिचं जळतं तिलाच कळतं. उत्तर चोख होतं. मोत्यांच्या गठ्ठ्यात कुणालाही न सुचलेलं कारण त्यात होतं. मास्तरांनी भोपळा खोडला, गुण दिले, शेजारी सही केली.

"पुढचा."

दिवे लागेपर्यंत दोघं बसली. खोडलेल्या भोपळ्यांचा मळाच निघाला.

"आणि माझा?" शेवटी लेक म्हणाली.

"फेरतपासणीला टाकू."

"तो माणूसही जेवणारच की, बाबा. मी पुन्हा बसते परीक्षेला. या हाताने."

तिने डाव्या हातात पेन धरलं आणि रद्दी कागदावर आपलं नाव लिहिलं. पहिलीतल्या पोरासारखं, हेलकावे खात. मास्तरांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

लेकीने ते पाहिलं. डावा हात तिने झटकन टेबलाखाली घेतला.

मास्तरांना नुसते डोळे पुसायचे होते. पण हे तिला सांगायचं कोणत्या तोंडाने?