पांघरुणावरून मोजलेला ताप

भाचीच्या प्रयोगशाळेत वाया गेलेल्या चिप बुटांच्या एका खोक्यात टाकतात. महिन्यातून एकदा मी ते खोकं घेऊन येते. शाळेतून निवृत्त झाले तरी शनिवारी मुलं माझ्याकडे येतातच, आणि केसासारख्या बारीक वाटेतून रंगीत पाणी वळणं घेत जाताना पाहायला त्यांना फार आवडतं.

चिप म्हणजे बोटभर लांबीची प्लास्टिकची पारदर्शक पट्टी. तिच्यात नागमोडी वाट कोरलेली असते आणि खालून प्लास्टिकचा दुसरा थर गरम दाबयंत्रात दाबून चिकटवलेला. ही पट्टी दोन तापलेल्या ठोकळ्यांवर ठेवतात. डीएनएचा थेंब वाटेनं निघाला की गरम ठोकळ्यावर डीएनएच्या जुळलेल्या दोन दोऱ्या सुटतात, आणि कमी गरम ठोकळ्यावर प्रत्येक दोरीला नवी जोडीदारीण मिळते. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत शंभर कोटी. एवढा डीएनए झाला की थेंबात मिसळलेला रंग निळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो.

त्या गुरुवारी गेले तर खोक्याचं झाकण लागत नव्हतं.

"मुलांची चंगळ आहे, आत्या," भाची म्हणाली.

"आणि तुझी?"

"माझी उद्या बोळवण. उद्या दुपारपर्यंत थेंब चमकला नाही तर काम बंद, असं आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्यात. दोन वर्षं पाण्यात."

"गळतंय का कुठं?"

"तेच तर. आधी तळाचा पातळ थर दाबताना वाटेत खचायचा, वाट बुजायची. म्हणून मी जाड तळ घेतला. आता एकही चिप गळत नाही, एकही बुजत नाही आणि एकीतही डीएनए वाढत नाही. रसायनं तीनदा बदलली."

"आणि तापमान?"

"पंच्याण्णव. जरा म्हणून हलत नाही." तिनं पडद्याकडे हात केला.

वर्गात मूल उत्तर देतं, तेव्हा मी बरोबर की चूक ते लगेच सांगत नाही. कुठं पाहिलंस ते दाखव, म्हणते.

"अगं मुंगे, हे पंच्याण्णव आहे कुठं? बोट दाखव."

"हे काय, इथे. ठोकळ्यात तापमापकाची तार आहे."

"आणि थेंब कुठं असतो?"

"वर. मध्ये तो जाड..." तिचं बोट तिथेच थांबलं.

मला ती सहा वर्षांची आठवत होती. माझा भाऊ तापानं फणफणला होता. हिनं पांघरुणावर थर्मामीटर ठेवला, घड्याळ लावून दोन मिनिटं धरला, आणि बाबांना ताप नाही असं जाहीर करून त्या बिचाऱ्याला लपाछपी खेळायला ओढून काढलं.

"आत्या," ती हळू आवाजात म्हणाली, "मी पुन्हा पांघरुणावरून ताप मोजला."

"खोड जुनी आहे तुझी."

तिनं अजून तळ न लावलेली एक नवी पट्टी घेतली, वाटेत केसाएवढी बारीक तापमापक तार ठेवली, जाड तळ नेहमीसारखा दाबून बसवला आणि आत पाणी भरलं. ठोकळा म्हणाला पंच्याण्णव. आतली तार म्हणाली शहाऐंशी. एवढ्या उष्णतेत दोऱ्या सुटतच नव्हत्या, मग जोडीदारीण कुठून मिळणार?

"ठोकळा आणखी तापवला तर प्लास्टिक मऊ पडेल," ती म्हणाली.

"कितीला पडतं?"

"एकशे तीसला."

"मग आत्तापासून कशाला घाबरतेस?"

अठ्ठ्याण्णव, एकशे एक, एकशे पाच. तेव्हा कुठं आतली तार पंच्याण्णवला पोचली. दुसरा ठोकळाही तिनं तसाच थोडा वाढवला.

दुसऱ्या दिवशी मी काही काम नसताना पुन्हा गेले. अकराच्या सुमारास थेंब वाटेतून बाहेर आला. भाचीनं तो निळ्या दिव्याखाली धरला. थेंब हिरवा चमकला. शेजारी ठेवलेला डीएनए नसलेला थेंब काळाच राहिला. मॅडमनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

"जाड तळ राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि तूही राहा."

त्या गेल्यावर भाची धपकन स्टुलावर बसली. मीही इतका वेळ उभीच होते हे मला तेव्हा कळलं. मग तिनं घरी फोन लावला.

"बाबा, त्या दिवशी तुम्हाला ताप होता."

"कधी?"

"मी सहा वर्षांची होते तेव्हा."

"मी तेव्हाच सांगत होतो," भाऊ म्हणाला. "ऐकतंय कोण."

पुढच्या महिन्यात खोक्यात दोनच चिप निघाल्या. शनिवारी मुलं माझ्यावर नाराज होती.