पाच नंबरची पेटी

तापाचं थर्मामीटर.

पितळेची कळशी, तिच्या पोटात कोंबलेलं वर्तमानपत्र.

एका अंगाला पेन्सिलीची फुली, दुसऱ्या अंगाला गोल.

हळदीकुंकवाला नेसलेली चंद्रकळा.

"बघू."

आणि आतून कुणीतरी टकटक करतंय, अगदी हळू, नखानं दार वाजवावं तसं.

मित्रांनो, हे सगळं माझ्या पोटात किंवा माझ्या डोक्यावर घडून गेलेलं आहे. मी चहाची पेटी, आता जुनी. माझ्यासारख्या वस्तूंनी आपली हकिगत हळुवारपणे सांगावी आणि शेवटी डोळे पुसावेत, अशी पद्धत आहे. मला डोळे नाहीत. आणि मी रागावलेली आहे. जन्मापासून नव्हे, एका माघातल्या संध्याकाळपासून.

जन्म आधी उरकून घेते. हावड्याच्या एका लहानशा कारखान्यात मला ठोकलं. प्लायवूडच्या सहा फळ्या, कडांना पत्र्याच्या पट्ट्या, आतून चंदेरी कागद. आसामातून चहा भरून निघाले आणि जबलपूरच्या एका वाण्याकडे रिकामी झाले. तिथून मला मुकुंदरावांनी नेलं. ते केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी. दर दोन-तीन वर्षांनी बदली. त्यांच्याकडे अशा सात पेट्या होत्या आणि प्रत्येकीवर काळ्या रंगात नंबर घातलेला. मी पाच. पाचमध्ये पितळेची भांडी जायची, दुसरं काही नाही. नव्या गावी भांडी फडताळात गेली की माझ्यावर चादर पडायची आणि मी टेबल व्हायची. हुकूम आला की चादर निघायची.

"सगळ्या जगात घोळ आहे," मुकुंदराव म्हणायचे. "आपल्या पेट्या तरी नीट असाव्यात."

वाईट माणूस नव्हते. आवाज कधी चढवत नसत. तेच मला आजही सोसत नाही.

आता त्यांच्या बायकोबद्दल. कालिंदीबाई. जबलपूरला त्यांची गाण्याची परीक्षा आठवड्यावर आली होती, तेव्हा हुकूम आला. मद्रासला जाईची वेल कळ्यांनी भरली, तेव्हा हुकूम आला. दिल्लीला एका शाळेत शिकवू लागल्या, पोरी जेमतेम घाबरायच्या थांबल्या होत्या, तेव्हा हुकूम आला. प्रत्येक वेळी त्यांनीच भांडी एकेक करून कागदात गुंडाळली आणि माझ्यात ठेवली. मी तेव्हा नुसती पेटी होते. मला वाटायचं, हे असंच असतं.

चौथं गाव कलकत्ता. मी जन्मगावी परत आले. कुणी विचारलंही नाही.

बागबाजारात वरच्या मजल्यावर जागा मिळाली. खाली घरमालकीण मासीमा, विधवा, सत्तरीच्या. पहिल्याच दिवशी जिन्यात उभ्या राहून त्यांनी आमचं सामान वर जाताना मोजलं आणि हिंदीत म्हणाल्या, "तुम्हारे लिये तो हमारे लोगों ने खंदक खोदा था. अब किराया देकर आते हो." मराठी घोडेस्वारांच्या भीतीनं खणलेला तो जुना खंदक तिथूनच सुरू होत होता. मासीमा आम्हांला कायम बर्गीच म्हणत, म्हणजे ते लुटारू घोडेस्वार. प्रेमानं की कसं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या गावात जन्मलेलं एक मराठी कुटुंब होतं. त्यातले श्यामराव शाळेत विज्ञान शिकवायचे आणि दमदमच्या बाजूला घरामागे कोंबड्या पाळायचे. मराठी बोलायचे, पण बंगालीच्या सवयीनं बोलताना कोंबडा आणि कोंबडी यांत त्यांना फारसा भेद करता येत नसे. एका रविवारी चहा पिताना ते सहज म्हणाले, की कोंबडीशिवायही अंडी उबतात. दिवा हवा, पाणी हवं आणि धीर हवा.

"किती दिवस?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"एकवीस."

त्यांनी कप खाली ठेवला. "एकवीस दिवस तर सरकारसुद्धा गप्प बसेल," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, एवढीच त्यांची मागणी होती. पिलं विकायची नव्हती, अंडी खायची नव्हती. त्या घरात अंडं खात नसत. एक गोष्ट सुरू करून तिचा शेवट आपल्या डोळ्यांनी बघायचा होता. आयुष्यात एक.

श्यामरावांनी मला चार भोकं पाडली. दुखलं नाही. झाकणात एका फुटक्या तसबिरीची काच बसवली, आत चाळीस वॅटचा दिवा सोडला, कोपऱ्यात पाण्याची वाटी ठेवली, तळाशी गवत. मग बारा अंडी.

मासीमा काठी टेकत वर आल्या. "हाँस होता तो बात थी. मुर्गी मेरे घर में नहीं." हाँस म्हणजे बदक; ते त्यांना चालायचं.

"मासीमा, अभी तो सिर्फ अंडा है."

"अंडा है, बाद में मुर्गी होगा."

"बाद में तो बदली होगा," कालिंदीबाई म्हणाल्या. मासीमांना हे पटलं. खाली उतरताना त्या हसत होत्या.

मुकुंदराव काय म्हणाले? "बघू."

शकुन, त्यांची नऊ वर्षांची मुलगी, रोज शाळेतून येऊन दप्तरासकट माझ्यावर वाकायची. "आई, डीम फुटला?"

"अंडं म्हण. आणि फुटलं नाही, फुटायचं आहे."

"पेटीला ताप किती?"

"एकशे दोन."

"मला असला तर तू डॉक्टर आणतेस."

तेच घरातलं तापाचं थर्मामीटर, बरं का. दर वेळी झटकून पारा खाली उतरवायचा आणि भोकातून आत सरकवायचं. ताप चढला तर भोकांवरची पट्टी उघडायची, उतरला तर लावायची. दिवसातून तीनदा अंडी फिरवायची, अंड्यावर काढलेली फुली वर असेल तर गोल वर. कालिंदीबाई हात गरम पाण्यात बुडवून, पुसून, मग आत घालायच्या. माझ्यात आजवर किती हात आले असतील. चहा ओतणारे, भांडी कोंबणारे. आत येण्याआधी गरम करून घेतलेला हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आता कौतुकाचं सांगायचं असतं. गल्लीतल्या बायका येऊन काचेतून बघून जात. बर्ग्यांची पेटी अंडी घालते, अशी बातमी पार घाटापर्यंत गेली होती. झालं कौतुक.

सोळाव्या दिवशी हुकूम आला. नागपूर. सामान चार दिवसांत हावड्याला पोचवायचं, माणसांनी त्याच्या मागोमाग निघायचं.

श्यामराव त्या संध्याकाळी आले होते. त्यांना हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही. ते बुटांच्या नाड्या बांधत राहिले.

"अहो," कालिंदीबाई म्हणाल्या, "भांडी दुसऱ्या कशात तरी घालू. पोत्यात घालू."

"पोत्यात? पितळेला पोचे येतील."

"येऊ देत. पाचला हात लावू नका, एवढंच."

"अगं, अंडी काय, नागपुरातही मिळतात. तिथं गेल्यावर नवीन लाव."

त्यांनी माझ्या भोकांवरची पट्टी सारखी केली. मग पुन्हा म्हणाल्या, "पाचला हात लावू नका."

"बघू."

मित्रांनो, मोठी माणसं 'बघू' म्हणतात तेव्हा तुम्हांला काय कळतं? तुम्हांला कळतं, 'नाही'. कालिंदीबाईंना कळलं, 'बरं'. बारा वर्षं त्यांच्याबरोबर संसार करूनही.

विसाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला चांदणीसारखा तडा गेला. मग दुसऱ्याला. आतून चिवचिव ऐकू येऊ लागली, अजून जन्मलेली नाहीत अशांची. माझा चंदेरी कागद त्या आवाजानं थरथरत होता. मी सांगते, चहा, पितळ, रस्ते, रेल्वे, सगळं माझ्यातून गेलं; पण माझ्या आत कुणी कधी बोललं नव्हतं.

दुपारी मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. संक्रांतीचं आणि त्यातच कालिंदीबाईंचा निरोप. त्या जाईनात.

"जा गं," मुकुंदराव म्हणाले. "बायका वाट बघत असतील. मी आहे इथं."

मी आहे इथं.

त्यांनी चंद्रकळा नेसली आणि शकुनला घेऊन गेल्या. जिन्यातली पावलं थांबल्यावर मुकुंदरावांनी बाह्या दुमडल्या. दिवा काढला, तो कागदात गुंडाळून तीन नंबरात. पाण्याची वाटी पुसून पाचात, कारण वाटी पितळेची होती. अंडी एकेक उचलून सुपात ठेवली, फार जपून. एक अंडं त्यांच्या तळहातावर चिवचिवलं. ते थबकले. मी बघत होते. हा माणूस थांबेल, मला वाटलं. त्यांनी अंडं सुपात ठेवलं, वर पंचा टाकला आणि कळशी उचलली.

खिडकी उघडी होती. माघातला वारा गंगेवरून येत होता. माझ्यात भांडी भरत होती, थंडगार, माझ्याच अंगाला. ओरडायला मला तोंड नव्हतं. माझी चार भोकंही त्यांनी कागदाचे बोळे घालून बुजवली.

त्या परत आल्या तेव्हा सुंभ आवळून झालं होतं.

"पाच कुठं आहे?"

"बांधली. हातगाडी येईल आता."

"अंडी?"

"ती बघ, सुपात. एकही फुटू दिलं नाही."

कालिंदीबाईंनी पंचा उचलून अंड्यांना गाल लावला. मग आत गेल्या, विळी घेऊन आल्या, सुंभ कापला आणि मला दोन्ही हातांनी धरून उलटी केली. कळशी, परात, तांबे, डबे, सगळं एकदम जमिनीवर. तो आवाज मला अजून गोड वाटतो.

खालून मासीमांची हाक आली, "क्या हुआ? बर्गी आया?"

"कालिंदी, लोक ऐकतायत," मुकुंदराव म्हणाले.

"ऐकू देत."

"दिवा तीन नंबरात आहे. ती बांधून झाली."

त्यांनी तीन नंबरकडे पाहिलंही नाही. स्टुलावर चढून खोलीतला दिवा काढला आणि माझ्यात लावला. मुकुंदराव अंधारात उभे राहिले. उजेड होता तो फक्त माझ्या काचेतून.

"तुम्ही शकुनला घेऊन पुढं व्हा," त्या म्हणाल्या. "मी मागून येते."

"एकटी? किती दिवस?"

"हे होईपर्यंत."

"चार अंड्यांसाठी लोकांना मी काय सांगू?"

"बारा आहेत. बारा सांगा."

त्यांनी सांगितलं की नाही, कुणास ठाऊक. भांडी पोत्यांतून गेली, पोचे आले, मुकुंदराव शकुनला घेऊन नागपूरला गेले.

बारातली चार पिलं निघाली. ओली, वाकडी, रागावलेली. बाकीची आठ निघाली नाहीत. कालिंदीबाईंनी ती फोडून पाहिली, कारण त्यांना शेवट बघायचा होता. आत सगळं पूर्ण होतं. पिसं, नखं, चोच कवचाला टेकलेली. त्यांनी ती सगळी मागच्या अंगणात पुरली. रडल्या नाहीत, खणताना दात घट्ट आवळलेले होते.

मासीमा वाटीत तांदळाची कणी घेऊन वर आल्या.

"मुर्गी मना है न?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"अभी इतना छोटा है. मुर्गी कहाँ हुआ."

पिलांना पंख फुटल्यावर कालिंदीबाई टोपली घेऊन बायकांच्या डब्यातून नागपूरला गेल्या. मी इथंच राहिले. मासीमा माझ्यात कोळसा ठेवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कोळशात थोडी ऊब असते.

मित्रांनो, मला जपा, तेल-पाणी करा, असं मी म्हणणार नाही. मला काय होतंय. तुमच्या घरात कुणी काही उबवत बसलं असेल, अंडी, गाणं, वेल, काहीही, तर त्याची पेटी काढून घेऊ नका. घ्यायचीच असेल तर तोंडावर 'नाही' म्हणा. 'बघू' म्हणू नका.

नागपूरची बदली मुकुंदरावांनी स्वतः मागून घेतली होती, आणि अंडी आणायच्या आदल्या रविवारी माझ्यावरच बसून त्यांनी ते श्यामरावांना सांगितलं होतं.