उघड्या पोटाचा राजा

मी तंजावूरचा राजा बोलतोय. पोट उघडं आहे, त्याबद्दल माफ करा. ते माझ्या हातात नाही. मला घडवलं तेव्हाच ते उघडं ठेवलं गेलं.

मी एक बाहुला आहे. मान हलवणारा. कागदाचा लगदा, थोडी माती, थोडं प्लॅस्टर आणि मानेत एक तारेची खुंटी. आमच्या गावी असे बाहुले पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. वारा आला की मान हलते, कुणी बाजूने चालत गेलं तरी हलते.

मला घडवलं गोपालकृष्ण नावाच्या कारागिराने. राजवाड्याजवळच्या गल्लीत राहणारी सौम्या त्याच्याकडे आली होती. तिला पुण्याला डॉक्टरकीसाठी प्रवेश मिळाला होता आणि कॉलेजला भेट म्हणून तंजावूरचं काहीतरी न्यायचं होतं. "पोटाच्या आतलं सगळं दिसेल असा बाहुला हवा," ती म्हणाली. "तोंडापासून जठरापर्यंत खरी नळी हवी. यकृत, स्वादुपिंड, आतडी, सगळं."

गोपालकृष्णने आयुष्यभर राजे, राण्या आणि नर्तकी केल्या होत्या. साचा त्याच्याकडे राजाचाच होता. त्यामुळे वर मुकुट, टोकदार मिशा आणि गळ्यात मोत्यांचा कंठा. छातीखाली मात्र एक खिडकी, आणि खिडकीत निगुतीने रंगवलेलं आतड्यांचं वेटोळं. सगळं सौम्याने सांगितलं तसंच झालं, एक शेवटची वाट सोडून.

"इथे दार ठेवलं नाही तुम्ही," ती म्हणाली.

"अम्मा, राजा आहे तो," गोपालकृष्ण म्हणाला. "राजाचं ते कुठे दाखवतात?"

अशा रीतीने मी जन्मतःच बद्धकोष्ठाचा रोगी झालो.

पुण्यात माझं शिक्षण झालं. एका वर्गाच्या फडताळावर उभा राहून मी सगळं ऐकलं. घास तोंडातच पचायला लागतो, लाळेपासून. जठर हे नुसतं गाठोडं नव्हे. आत आम्ल असतं, आणि त्या आम्लापासून स्वतःला वाचवायला जठराच्या आत बुळबुळीत अस्तर असतं. ते अस्तर झिजलं की जखम होते, तिला अल्सर म्हणतात. एक जंतूही ते झिजवतो, आणि रिकाम्या पोटी घेतलेल्या दुखण्यावरच्या गोळ्याही झिजवतात. हे ऐकताना माझं कागदी अंग शहारून यायचं. केवढा कारखाना, आणि माणसाला त्याची काही खबर नाही! मी ठरवलं, एक दिवस गावी परत जायचं. तंजावुरातलं एकही पोट अज्ञानात ठेवायचं नाही.

पण कॉलेजात माझं जमलं नाही. तोंडी परीक्षेत एका मुलाने माझ्या स्वादुपिंडावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे पित्ताशय ना?" वर पंखा चालू होता. मी मान हलवली. पुढच्या मुलीने माझ्या मोठ्या आतड्याला लहान म्हटलं. मी त्यालाही हो म्हटलं. दुपारपर्यंत अर्धा वर्ग माझ्या भरवशावर नापास झाला.

"सौम्या, तुझ्या राजाला घरी ने," सर म्हणाले. "हा कुणालाच नाही म्हणत नाही."

माझ्या जागी प्लॅस्टिकचा एक नवा धड-बाहुला आला. त्याला डोकंच नव्हतं. मी मात्र सौम्याच्या शिक्षणाबरोबर माझंही शिक्षण संपवून, मोठ्या उमेदीने तंजावूरला परतलो.

सौम्या इथल्या एका इस्पितळात नोकरीला लागली आणि मी कपाटावर गेलो. मग नवरात्र आलं.

नवरात्रात आमच्याकडे कोलू मांडतात. लाकडी पायऱ्या, त्यांवर पांढरं कापड आणि घरातले सगळे बाहुले. वर कलश आणि देव, त्याखाली संत, त्याखाली माणसं. सौम्याची आई मंगला मला हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मी देव नव्हतो हे उघड होतं. पण माणूस म्हणावं, तर माणसाचं आतडं असं बाहेर नसतं. शेवटी तिने मला खालच्या पायरीवर वाण्याच्या जोडप्याशेजारी ठेवलं. त्या वाण्यापुढे तांदूळ, डाळ आणि गूळ यांच्या चिमुकल्या राशी असतात.

"खाण्याच्या शेजारी खाणारा," ती म्हणाली. "शोभेल."

संध्याकाळी शेजारच्या राजम मामी आल्या. त्यांनी मला पाहिलं आणि हात जोडले.

"हा कोण गे मंगला? भोसल्यांचा कुठला राजा?"

"राजाबिजा नाही, मामी. सौम्याचा अभ्यासाचा बाहुला तो."

"पोट उघडून बसलाय म्हणजे सगळ्यांच्या पोटाचं जाणणारा असणार," मामींनी ठरवून टाकलं. त्यांच्या यजमानांचं पोट कित्येक दिवस साफ नव्हतं. त्यांनी प्रसादाच्या सुंडलातला, म्हणजे खोबरं घातलेल्या उकडलेल्या हरभऱ्यांतला, एक दाणा उचलून माझ्या तोंडात टाकला. "राजा, त्यांना मोकळं कर. करशील ना?"

मी मान हलवली. दाणा नळीतून घरंगळत जठरात जाऊन पडला. घरी जाऊन मामींनी यजमानांना वाटीभर सुंडल खायला लावलं, वर दोन तांबे पाणी पाजलं. सकाळी त्यांचं पोट साफ झालं. झालं ते हरभऱ्याने आणि पाण्याने. नाव माझं झालं.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका माझ्याकडे यायला लागल्या. आधी गाणं म्हणायच्या, मग पान-सुपारी घ्यायच्या, आणि मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजायच्या.

"राजा, जेवलं की छातीत जळजळ होते. जेवल्यावर आडवी झाले तर बरं वाटेल, नव्हे?"

मी हो म्हटलं. माझ्या आत शिकलेला प्रत्येक शब्द ओरडत होता, बाई, जेवल्यावर लगेच आडवी होऊ नकोस! मान मात्र हलत राहिली.

"मूळव्याध आपोआप जाते, नव्हे?"

हो.

"उजव्या बरगडीखाली दुखून खांद्यात कळ येते. पित्ताचे खडे वगैरे नसणार, नव्हे?"

हो, हो. माझ्याशेजारी एक नर्तकी बाहुली होती. ती मान, छाती आणि कंबर तिन्ही हलवून हो म्हणायची, पण तिला कुणी काही विचारत नव्हतं.

सौम्याने हे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "अम्मा, याला आत ठेवते."

"अय्यो, मांडलेलं बोम्मई विजयादशमीपर्यंत हलवायचं नाही," मंगला म्हणाली. बोम्मई म्हणजे बाहुला. "तुला कळतं सगळं, एवढंच कळत नाही."

मग सौम्याच संध्याकाळी माझ्याजवळ बसायला लागली. कुणाला जळजळ, कुणाला खडे, तिने एकेकीला नीट समजावलं, दोघींना तपासायलाही बोलावलं. मला भरून आलं. एकदा ती म्हणाली, "शौचाचा रंग काळा, डांबरासारखा झाला, तर एक दिवसही थांबायचं नाही. आत रक्त वाहत असतं." ते वाक्य ऐकायला हवं होतं तिच्या अप्पांनी. पण शौच हा शब्द आला तसे बाळकृष्णराव उठले आणि कॉफी आणायला स्वयंपाकघरात गेले.

बाळकृष्णराव मर्यादेचे माणूस. नवरात्रात ते दिवसभर उपवास करायचे, एकवेळ जेवायचे. पण गुडघ्याची गोळी सोडायचे नाहीत. सकाळी रिकाम्या पोटी, गरम कॉफीबरोबर.

एका दुपारी बायका देवळात गेल्या होत्या. ते माझ्यासमोर पाट घेऊन बसले. इकडे तिकडे पाहिलं.

"काय राजा," ते हळू म्हणाले, "पोटात वरती आग होते. सूडु आहे हा. अंगातली उष्णता. मोर प्यायलो की बसेल. नव्हे?"

वर पंखा फिरत होता. मी हो म्हटलं. ते समाधानाने उठले आणि पेलाभर मोर, म्हणजे ताक, प्यायले.

दोन दिवसांनी ते पुन्हा आले. तोंड उतरलं होतं.

"सकाळी काळं झालं," ते म्हणाले. पुढचा शब्द त्यांनी गिळला, पण मला कळला. "परवा पान जास्त खाल्लं होतं. त्याचंच असणार. नव्हे?"

नाही! बाळकृष्णराव, नाही! गोळीने तुमचं अस्तर खाल्लंय, आत रक्त जातंय, मुलगी घरात डॉक्टर आहे, तिला सांगा! माझा मुकुट तापला असेल एवढा मी आतून ओरडलो. बाहेर मान शांतपणे वर-खाली होत होती. असा मी राजा. एवढं शिकून आलो आणि माझ्या राज्यात मला एक 'नाही' म्हणता येत नव्हतं.

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले. "सौम्याला कशाला सांगायचं? मुलीला बापाने हे काय सांगायचं?"

त्या संध्याकाळी राजम मामी नवस फेडायला आल्या. या खेपेला दाणा मोठा होता, काबुली. तो त्यांनी तोंडात टाकला, बोटाने आत ढकलला आणि निघून गेल्या. दाणा खाली उतरला नाही. डोकं आणि धड यांच्या मधल्या फटीत जाऊन बसला, नेमका खुंटीला खेटून.

माझी मान थांबली.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दुपारी बाळकृष्णराव आले तेव्हा ते भिंत धरून चालत होते. ओठ पांढरे पडले होते. ते पाटावर बसलेही नाहीत.

"राजा, आजही काळंच झालं. उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. उपवासाने असेल. नव्हे?"

मी हललो नाही.

त्यांनी वर पाहिलं. पंखा जोरात फिरत होता. नर्तकी सगळ्या अंगाने हो म्हणत होती. वाण्याची बायकोही किंचित डोलत होती. मी एकटा ताठ.

"नव्हे?" त्यांनी पुन्हा विचारलं. आवाज बारीक झाला होता. "सूडुच आहे म्हण की."

मी ताठ.

एवढं मोठं शहाणपण माझ्या वाट्याला पुन्हा येणार नाही. एका हरभऱ्याने मला ते दिलं. बाळकृष्णराव माझ्याकडे बघत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं ऐकत नाहीये हे त्यांच्या ध्यानात आलं.

"मग काय," ते पुटपुटले, "सौम्याला सांगू म्हणतोस?"

आणि त्यांना घेरी आली. तोल सावरायला त्यांनी कोलूची पायरी धरली. सगळी पायरी हादरली, वाण्याचे तांदूळ सांडले, माझ्या मानेतला दाणा सुटला आणि टक्‌ आवाज करत जठरात पडला. अडकलेली मान अशी सुटली की मी वर-खाली, वर-खाली, हो हो हो हो करत राहिलो. इतकं मनापासून हो मी कधीच म्हटलं नव्हतं.

"मंगला!" ते खाली बसत ओरडले. मंगला देवळातून नुकतीच दारात आली होती. "सौम्याला फोन लाव. राजा म्हणतोय."

ते विजयादशमीच्या दिवशी घरी आले. जी वाट माझ्यात रबरी नळीने दाखवली आहे, त्याच वाटेने त्यांच्यात कॅमेरा गेला होता. जठर ओलांडून लहान आतडं सुरू होतं तिथे वाहती जखम सापडली, ती तिथल्या तिथे बंद केली. रक्त चढवलं. तपासणीत तो जंतूही आढळला. त्याच्यावर औषधं सुरू झाली. गुडघ्याची गोळी बंद.

"अप्पा," सौम्या माझ्यासमोर उभी राहून म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "घरात मी असताना तुम्ही बाहुल्याला विचारलंत?"

"तू लगेच सुई काढतेस," बाळकृष्णराव म्हणाले. "तो नुसता ऐकून घेतो."

"ऐकून घेतो! एक दिवस उशीर झाला असता तर?"

बाळकृष्णरावांनी तिचा हात धरला. "आता तुला सांगेन. रंगासकट सांगेन. बस?"

"माझ्या हरभऱ्याने वाचले हो तुम्ही," दारातून राजम मामी म्हणाल्या. त्यांना कुणी नाही म्हणू शकलं नाही.

विजयादशमीच्या संध्याकाळी कोलूतला एक बाहुला आडवा करतात, म्हणजे कोलू झोपला. दर वर्षी तो मान कोलूतल्या जुन्या लाकडी जोडप्यातल्या एकाचा. या वर्षी बाळकृष्णरावांनी हट्ट धरला की राजाला झोपवा, बिचारा फार दमलाय. मंगलाने मला आडवं केलं. सौम्याने आधी माझं पोट हलवून पाहिलं. आत दोन हरभरे खुळखुळले. बाहेर यायला वाट नाही. गोपालकृष्णच्या राजमर्यादेमुळे ते जन्मभर माझ्याच पोटात राहणार. मुंग्यांना पत्ता लागला आहे. माझी तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी मला पेटीत भरलं. बाहुले भरताना आमची डोकी खुंटीवरून काढून वेगळी ठेवतात, नाहीतर मान तुटते. माझं धड बाळकृष्णरावांच्या जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, आहे. डोकं शेजारी, तमिळ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. पुढच्या नवरात्रापर्यंत मी कुणालाही हो म्हणणार नाही.

म्हणून हे आत्ताच सांगून घेतो. पोटात आग होत असेल, काळं होत असेल, घास उतरत नसेल, तर जो नाही म्हणू शकतो अशा माणसाकडे जा. लाज सोडून जा. डोकं पुन्हा धडावर बसलं की माझं काही खरं नाही. मग तुम्ही काहीही विचारा, वर पंखा चालू असणार.