शेड क्रमांक चार

“ही भेटीची खोली कशाला हवी? उडवा,” असं म्हणत साहेबांनी लाल पेन्सिल तुरुंगाच्या नकाशावर टेकवली.

“थांबा साहेब!”

आरेखकाचा आवाज अवचित चढला. शेजारी अंदाजपत्रकं तयार करत बसलेल्या कारकुनाने मान वर केली. या माणसाचा चढलेला आवाज त्या खोलीने आजवर ऐकला नव्हता. आरेखकालाही ते जाणवलं असावं, कारण पुढचं वाक्य त्याने जवळजवळ पुटपुटतच उच्चारलं. “म्हणजे... ती खोली बाहेरच्या भिंतीला लागून आहे. तिथे कैदी झोपवायचे तर पहारा वाढणार. नवी भिंत आली, तिचं अंदाजपत्रक आलं.”

“म्हणजे आलं माझ्या डोक्यावर,” कारकून म्हणाला. “मिलिमीटरराव, साहेबांना आगीतून काढता आणि मला फुफाट्यात टाकता होय?”

मिलिमीटरराव हे नाव त्यानेच पाडलं होतं. आरेखकाची रेघ केसाएवढीही चुकत नसे, आणि बोलणंही त्याच मापाचं असे.

साहेबांनी पेन्सिल उचलली. “ठीक आहे, मग तुम्ही जागा दाखवा. कैद्यांना जागा नाही म्हणून न्यायालयाने वरच्यांना झापलंय, वरच्यांनी मला. नव्या तुरुंगाच्या जमिनीचा वाद मिटेल तेव्हा मिटेल. तोवर आहे त्याच भिंतींत आणखी दोनशे माणसं बसवायची आहेत. भेटीचं काय, नातेवाईक पडद्यावर बोलतील. चेहरा दिसला, आवाज ऐकू आला, आणखी काय हवं असतं माणसाला?”

आरेखक नकाशाची वळलेली कड सरळ करू लागला.

“एकदा प्रत्यक्ष जाऊन मोजून या,” साहेब म्हणाले. “गाडी देतो, मीही येतो.”

“गुडघे धरलेत साहेब. आणि नकाशा माझ्याच हातचा आहे. नोकरीला लागलो तेव्हा काढलेला. त्यात चूक नाही.”

“त्यांच्या नकाशात चूक निघाली तर मी मिशा काढीन,” कारकून म्हणाला. त्याला मिशा नव्हत्या. मग तो सहज आठवण झाल्यासारखा वळला. “चिरंजीव काय म्हणतात हो? यंदाही सुट्टी नाही?”

“नाही मिळत.”

“एवढं काय लांबचं गाव ते! हवा तरी मानवते ना?”

“मानवते,” आरेखक म्हणाला आणि पट्टी पुसू लागला.

चिरंजीव या नकाशातच होते. दुसऱ्या बराकीत, मोरीच्या बाजूला. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याशी झालेल्या क्षुल्लक भांडणात मुलाचा हात उठला, शेजाऱ्याचं डोकं दगडी पायरीवर आपटलं आणि तो परत उठला नाही. नंतर चौकशी झाली, खटला झाला, शिक्षा झाली. त्या दिवसांत आरेखकाने कचेरीत एकच वाक्य सांगितलं होतं: मुलगा परगावी नोकरीला लागला. खोटं रोपट्यासारखं असतं. लावून सुटका होत नाही, त्याला रोज पाणी घालावं लागतं. कारकून आपुलकीने विचारी आणि आरेखक निमूटपणे पाणी घाली.

गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. पण तुरुंगाच्या फाटकावरचा पहारेकरी त्याला ओळखत होता. दर पंधरवड्याला तो “या काका, काकू बऱ्या आहेत ना?” असं म्हणत पिशवी तपासायचा. कचेरीच्या गाडीतून साहेबांबरोबर उतरलेल्या आरेखकाला पाहून तो माणूस गप्प बसला नसता. त्याच्या तोंडून चांगुलपणाच बाहेर पडला असता, आणि त्या चांगुलपणानेच सगळं उघडं केलं असतं.

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, “अहो, रविवारी जरा लवकर निघू या. मागच्या वेळी रांगेतच अर्धा वेळ गेला.”

“हं.”

“तुम्ही आपले हं म्हणा. मला त्या खोलीत पाय ठेवला की श्वास येतो. बाकीचे दिवस नुसते ढकलायचे.”

ती हे खरंच बोलत होती. त्या खोलीतल्या लांब लोखंडी टेबलावर मधोमध फळी होती, पण तिच्याखालून हात जाई, आणि पहारेकरी तेवढ्यापुरता दुसरीकडे पाही. मुलगा आत सुतारकाम शिकला होता. त्याच्या हातांना भुशाचा वास येई. परतताना बसमध्ये ती आपला तळवा नाकाशी धरून बसे आणि घरी पोहोचेपर्यंत कशाला हात लावत नसे. मागच्या भेटीत मुलगा म्हणाला होता, “आई, दोन फळ्या खाचेत बसल्या ना, की खट् असा एक आवाज येतो. तो आला की वाटतं, याच हाताने काहीतरी जोडताही येतं.” त्याच्या चेहऱ्यावरची दोन वर्षांची काजळी त्या दिवशी पहिल्यांदाच किंचित पुसट झाल्याचं आरेखकाला जाणवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याने नकाशा टेबलावर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली. कागद पिवळा पडला होता, रेघा मात्र तशाच काळ्याभोर होत्या. तरुणपणी हा नकाशा काढताना त्याने बराकींच्या आत एकही माणूस कल्पिला नव्हता. आता प्रत्येक चौकोनात त्याला एकच आकृती दिसत होती, कुशीवर झोपलेली, गुडघे पोटाशी घेतलेली.

पेन्सिलीचं टोक एकेका खोलीवरून फिरत गेलं. भेटीची खोली: तिला हात लावायचा नाही. दवाखाना: तिथे आजारी माणसं होती. कार्यशाळा: इथे टोक थांबलं. मुलाचं सुतारकाम इथेच चालत असणार. चांगली ऐसपैस जागा होती, उंच छताची. साहेबांची नजर कालच तिच्यावर गेली होती. आरेखकाने तिच्याशेजारी स्वच्छ अक्षरांत लिहिलं, ‘छत जुने, निवासास अयोग्य.’ इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने लिहिलेलं हे पहिलं खोटं टिपण होतं. अक्षर मात्र नेहमीसारखंच सरळ आलं, याचंच त्याला नवल वाटलं.

मग कोपऱ्यातली शेड क्रमांक चार उरली. वापर: भांडार. कोळशाची पोती, मोडकी भांडी, अडगळ. अडगळीला काय, कुठेही सरकवता येईल. त्याने शेडमध्ये एकावर एक बिछान्यांच्या ओळी आखल्या, उरलेली माणसं पडव्यांमध्ये वाटून टाकली आणि दोनशेचा आकडा जुळवला.

साहेब खूश झाले. “बघा! भेटीची खोलीही राहिली, कार्यशाळाही राहिली. कुणाचं काही गेलं नाही.”

“गेली ती अडगळ,” कारकून म्हणाला. “मिलिमीटरराव, तुम्ही घर बांधलंत तर त्यात भूतसुद्धा मावणार नाही.”

आरेखक हसला. त्या संध्याकाळी तो घरी चालत गेला. आपल्या साध्या नोकरीने आपल्या माणसांसाठी कधी नव्हे ते काही केलं, असं त्याला वाटत होतं, आणि हे कुणालाही सांगता येणार नाही याचं दुःखही त्याला गोड लागत होतं.

काम झपाट्याने झालं. पुढच्या काही भेटी गर्दीमुळे रद्द झाल्या. अखेर आत जायला मिळालं तेव्हा रांग फाटकाबाहेर वळून रस्त्यापर्यंत गेली होती.

“काका, हल्ली फार वाढलीत माणसं,” पिशवी चाचपत पहारेकरी म्हणाला. “आम्हालाच उभं राहायला जागा नाही.”

मुलगा समोर येऊन बसला. दाढी केलेली, कपडे नीट. आईने फळीखालून हात पुढे केला आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला.

“किती मऊ झालेत रे हात! बरं झालं बाई, नुसती सालपटं निघत होती.”

“काम नाही ना आता.”

“काम नाही म्हणजे?” आरेखकाने विचारलं.

“शेड गेली आमची. चार नंबरची. बिछाने टाकले तिथे.”

“पण ते तर... भांडार आहे.”

मुलाने मान वर केली. “कागदावर असेल. कार्यशाळेत केव्हाच बराक झाली, मी येण्याच्या कितीतरी आधी. मग सगळी हत्यारं भांडारात हलवली. आम्ही तिथेच रंधा मारायचो. आता हत्यारं पेटीत बंद आहेत. दिवसभर बराकीत बसून राहायचं. बसून म्हणजे काय, उकिडवं.” त्याने बापाकडे पाहिलं. “बाबा, हे तुमच्याच खात्यातून ठरतं ना? कुणी ठरवलं असेल हो?”

खोलीत पन्नास माणसं एकाच वेळी बोलत होती. तरीही आरेखकाने आवाज खाली आणला.

“वरून येतं,” तो म्हणाला. “सगळं वरूनच येतं.”

“तेच. इथे येऊन एकदा कुणी पाहिलं असतं तर...”

आई त्याला घरच्या गोष्टी सांगू लागली. तो मान हलवत राहिला, पण त्याच्या मोकळ्या हाताचा अंगठा टेबलाच्या लोखंडी कडेवरून एकाच दिशेने पुन्हा पुन्हा सरकत होता, जणू तिथे लाकडाचे तंतू असावेत आणि त्यांचा कल सापडायचा असावा. वेळ संपल्याची हाक आली तेव्हाही तो अंगठा लगेच थांबला नाही.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली. सवयीने तिने तळवा नाकाशी नेला. क्षणभर तसाच धरला. मग जरा आणखी जवळ नेला, डोळे मिटले आणि पुन्हा एकदा खोल श्वास घेतला.

आरेखक समोरच्या बाकाच्या कडेकडे पाहत राहिला.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “कसलाच वास नाही हो.”

तिने तळवा मांडीवर ठेवला, उताणा. आणि सगळा रस्ता तो तसाच उघडा राहिला.